रोपं लावली किती, जगली किती?

(भिगवण येथे नागरिकांच्या बैठकीत केलेले भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून किरकोळ संपादन केले आहे.)



मी भिगवणचाच. इथल्या शाळेत शिकलो, पुण्यात इंजिनिअरिंग केलं आणि गेली बारा-तेरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. अब्बांचा टेम्पो होता. इथल्या बाजारातून बर्फात भरलेली मासळी ते पहाटे पुण्याला पोहोचवायचे. म्हणजे आमच्या घरात चार पैसे आले ते उजनीच्या पाण्यातून. माझी कॉलेजची फीसुद्धा चिलापी आणि कटल्यानेच भरली. त्यामुळे माशांवर बोलायला मी उभा राहिलो तर इथल्या जुन्या लोकांना नवल वाटणार नाही.

पण आजचा विषय कोळंबी आणि खारफुटीचा आहे. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे. आपल्याकडे ना खाडी, ना भरती-ओहोटी. मग भिगवणमध्ये हे का? त्याला दोन कारणं आहेत. पहिलं, या विषयात माझ्या हातून एक चूक झाली आणि तिची किंमत माझ्या घरातल्या माणसाने मोजली. दुसरं, आपल्या भागात आता दोन गोष्टी वारंवार कानावर येतात. उसाने क्षारपड झालेल्या रानात कोळंबीची तळी काढू, ही एक. धरणाच्या काठाला झाडं लावून काठ हिरवा करू, ही दुसरी. दोन्ही कल्पना वाईट नाहीत. पण किनाऱ्यावर लोकांनी त्या आधी करून पाहिल्यात, आणि तिथे काय झालं ते आपण आधी ऐकून घ्यावं असं मला वाटतं.

आधी माझी चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका कंपनीसाठी मी डॅशबोर्ड बनवला. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. रायगड जिल्ह्यात एका खाडीकाठची जुनी कोळंबीची तळी त्यांनी भाड्याने घेतली होती. पाण्यात सेन्सर होते. क्षारता, सामू आणि विरघळलेला प्राणवायू दर दहा मिनिटांनी मोजला जायचा. तळ्यातला प्राणवायू पहाटे सर्वात कमी असतो, कारण रात्रभर शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, उलट खर्च करतं. म्हणून पहाटे चारला मोबाइलवर धोक्याची घंटा वाजायची आणि पंखे सुरू व्हायचे. मला हे काम फार आवडलं होतं.

कंपनीचा दावा असा होता की आम्ही कोळंबीही वाढवतो आणि खारफुटीही परत आणतो. डॅशबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात हिरव्या चौकटीत एक आकडा होता : ‘लावलेली खारफुटी रोपं’. तो दर आठवड्याला वाढायचा. तोच आकडा त्यांच्या माहितीपत्रकात छापला जायचा आणि ते बघून लोक पैसे गुंतवायचे.

माझ्या मावसभावानेही गुंतवले. चार लाख. त्यातले काही खालांचे दागिने गहाण ठेवून आणलेले. पैसे भरण्याआधी त्याने मला फोन केला होता. म्हणाला, “भाई, आकडे तू बनवलेत ना? मग मी अजून काय बघू?” मी म्हटलं, आकडे बरोबर आहेत. आणि ते बरोबर होतेच. पहिलं पीक चांगलं निघालं. दुसऱ्या पिकाला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला. हा विषाणू भारतात १९९४-९५ च्या सुमारास आला. त्यावर औषध नाही. तळी रिकामी झाली आणि वर्षभरात कंपनीने काम गुंडाळलं.

ही बातमी घरी कळली तेव्हा अब्बांनी कोळंबीबद्दल काही विचारलं नाही. मासळीचा धंदा त्यांना माहीत आहे; माल येतो, जातो. त्यांनी माझ्या मोबाइलवरचा तो हिरवा आकडा बघितला आणि म्हणाले, “लावली किती ते कळलं. जगली किती?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जगलेल्या रोपांचा रकानाच मी केला नव्हता. खरं तर मला तो सुचला होता. एका बैठकीत मी विचारलंही होतं. समोरून उत्तर आलं, “गुंतवणूकदार तो आकडा मागत नाहीत.” मी पुढे काही बोललो नाही. माझी चूक ती.

मग मी स्वतः ती जागा बघायला गेलो. इतकी वर्षं मी ती फक्त स्क्रीनवर पाहिली होती. ओहोटीची वेळ होती. खाडीकडच्या उघड्या चिखलात बांबूच्या काठ्या रांगेने उभ्या होत्या आणि बहुतेक काठ्यांजवळ काहीच नव्हतं. कोळीवाड्यातल्या एक मावशी चिखलातून टोपली घेऊन येत होत्या. मी त्यांना विचारलं, रोपं कुठे गेली? त्या म्हणाल्या, “इथं तिवर कधी व्हतीच नाय. इथं आमी निवट्या धरतो, खुबं काढतो. त्यांनी काठ्या ठोकल्या तवा आमाला कोनी इचारलं नाय.”

एवढ्या बोलण्यात दोन गोष्टी होत्या. रोपं चुकीच्या जागी लावली होती, आणि ती जागा कोणाच्या तरी पोटापाण्याची होती. माझ्या डॅशबोर्डवर यातलं काहीच नव्हतं.

त्यानंतर मी वाचायला लागलो, लोकांना भेटायला लागलो. जे समजलं ते तुमच्यासमोर सोप्या शब्दांत मांडतो.

खारफुटी म्हणजे भरती-ओहोटीच्या खाऱ्या चिखलात तग धरणारी झाडं. तिवर, कांदळ, चिप्पी असे तिचे बरेच प्रकार. पांढरी चिप्पी हा तर २०२० पासून आपल्या राज्याचा अधिकृत कांदळवन वृक्ष आहे. या झाडांच्या मुळांत अनेक जातींच्या कोळंबीची पिल्लं वाढतात. मोठी कोळंबी समुद्रात अंडी घालते, बारीक पिल्लं भरतीबरोबर खाडीत येतात, मुळांच्या जाळीत लपून, खाऊन मोठी होतात आणि परत समुद्रात जातात. थोडक्यात, खारफुटी ही कोळंबीची बालवाडी आहे.

आता तळ्यांचं बघा. कोळंबीच्या तळ्याला भरतीचं पाणी लागतं. असं पाणी येणारी सपाट जागा म्हणजे नेमकी खारफुटीची किंवा तिच्या शेजारची. म्हणून १९८०-९० च्या काळात थायलंड, इंडोनेशिया, फिलिपीन्स, इक्वेडोर अशा देशांत खारफुटी तोडून तळी काढली गेली. गंमत अशी की अशी बरीच तळी फार वर्षं टिकली नाहीत. खारफुटीच्या चिखलात लोह आणि गंधकाचं संयुग असतं. पाण्याखाली दबलेलं असतं तोवर ते शांत असतं. खणून वर काढलं, हवा लागली की त्यातून गंधकाम्ल तयार होतं. पाणी आम्लधर्मी होतं, कोळंबी कमजोर पडते, रोग येतो. मालक तळं सोडून पुढची खारफुटी तोडायला जातो. मागे राहतं ते असं तळं, ज्यात कोळंबी नाही, झाड नाही आणि खाडीत मासाही कमी.

यावर उपाय म्हणून लोक म्हणाले, तळ्याभोवती खारफुटी लावू, ती घाण पाणी गाळेल. ती गाळते हे खरं आहे. प्रश्न प्रमाणाचा आहे. रॉबर्टसन आणि फिलिप्स या संशोधकांनी १९९५ मध्ये हिशेब मांडला होता. एक हेक्टर तळ्यातून बाहेर पडणारं नत्र आणि स्फुरद शोषायला २ ते २२ हेक्टर खारफुटी लागते. तळ्यात कोळंबी जितकी दाट आणि खाद्य जितकं जास्त, तितकं जंगल जास्त. आमच्या कंपनीची तळी दाट पद्धतीची होती. बांधावरच्या दोन ओळींनी ती काय साफ होणार? माहितीपत्रकात मात्र फोटो त्या दोन ओळींचाच होता.

रोपं का मरतात, यावर फिलिपीन्समध्ये मोठं काम झालंय. तिथे कोट्यवधी रोपं लावली गेली. युर्गेन प्रिमावेरा आणि एस्तेबान यांनी २००८ मध्ये त्याचा आढावा घेतला. दीर्घकाळात साधारण १० ते २० टक्केच रोपं जगलेली दिसली. कारण साधं होतं. कांदळाची लांब शेंग गोळा करायला सोपी, चिखलात खोचायला सोपी. म्हणून सगळीकडे तीच खोचली. आणि जागा कोणती? तर उघडा चिखल, कारण त्यावर कोणाचा सातबारा नसतो. पण तो चिखल इतका खाली असतो की रोप दिवसातला बराच वेळ पाण्याखाली राहतं आणि गुदमरतं. जिथे खारफुटी खरोखर होती, ती वरची जागा तळ्यांनी व्यापलेली. तिथे हात लावायचा तर मालकाशी बोलावं लागतं. ते अवघड, म्हणून सोप्या जागी रोपं लावायची.

आमच्या धंद्यात याला काय म्हणतील? प्रोग्रॅममध्ये चूक एका ठिकाणी आहे, पण तिथे हात घालायची भीती वाटते, म्हणून दुसऱ्याच ठिकाणी चार ओळी वाढवून ‘काम झालं’ असं कळवायचं.

खारफुटी परत आणण्याचं काम ज्यांनी नीट केलंय ते सांगतात की बहुतेक ठिकाणी बियांची टंचाई नसतेच. भरतीबरोबर बिया येतच असतात. पाणी अडलेलं असतं. बांध योग्य जागी फोडा, जुनी नाळ मोकळी करा, भरती-ओहोटी पूर्वीसारखी येऊ-जाऊ द्या. झाडं पुष्कळदा आपली आपण येतात. आधी पाणी दुरुस्त करायचं, रोप लावायची वेळ नंतर, आणि तीही लागलीच तर.

मग कोळंबी आणि खारफुटी एकत्र नांदूच शकत नाहीत का? नांदतात. पण अटी आहेत.

व्हिएतनामच्या दक्षिण टोकाला का माउ नावाचा प्रांत आहे. तिथले हजारो शेतकरी एकाच आवारात खारफुटी आणि कोळंबी दोन्ही ठेवतात. कोळंबी विरळ, खाद्य जवळजवळ नाही, औषधं नाहीत. तिथे वापरल्या जाणाऱ्या एका सेंद्रिय प्रमाणपत्राची अट आहे की निम्म्या क्षेत्रावर खारफुटी हवी. उत्पन्न हेक्टरी काही शे किलो. दाट तळ्यात ते काही टन निघतं. पण खर्च कमी, रोगाची जोखीम कमी, शिवाय खेकडा आणि मासा जोडीला. अडचण तिथेही आहे. बांधाच्या आत कोंडलेल्या झाडांना भरती-ओहोटी नीट मिळत नाही आणि पानं कुजून पाण्यातला प्राणवायू कमी होतो.

इंडोनेशियात जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर देमाक जिल्हा आहे. तिथे तळ्यांसाठी खारफुटी तोडली आणि समुद्र काही ठिकाणी किलोमीटरहून जास्त आत आला. तळी गेली, गावंही पाण्यात गेली. २०१५ पासून तिथे सरकार आणि वेटलँड्स इंटरनॅशनल ही संस्था यांनी मिळून काम केलं. काटक्यांचे झिरपणारे बांध घालून गाळ अडवला. काही शेतकऱ्यांनी आपल्या तळ्याचा नदीकडचा भाग सोडला, बांध मागे घेतला आणि पुढचा पट्टा भरतीला मोकळा करून दिला. झाडं तळ्याच्या आत नाहीत, बाहेर, वाहत्या पाण्यात. आणि शेतकऱ्यांसाठी हंगामभर चालणारी शेतावरची शाळा, ज्यात ते स्वतः तळ्यांची तुलना करून बघतात. सगळीकडे यश आलं असं नाही. भूजल उपसल्याने तिथली जमीनच खचते आहे, त्यामुळे काही ठिकाणी बांध टिकले नाहीत. पण मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते : जागा मालकाने सोडली, आणि ती सोडायला त्याला कारण मिळालं.

आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर गोव्याच्या खाजण शेतीचं घ्या. खाडीकाठची सखल जमीन बांध घालून मिळवलेली. बांधात लाकडी दाराची मोरी असते, तिला मानस म्हणतात. भरतीच्या दाबाने दार बंद होतं, ओहोटीला उघडतं. वीज नाही, सेन्सर नाही, आणि कित्येक पिढ्या चालू आहे. पावसाळ्यात खारेपणा धुऊन जातो तेव्हा भात. भात निघाला की खारं पाणी आत घ्यायचं, त्याबरोबर कोळंबी आणि मासे येतात. मानशीवर जाळं लावायच्या हक्काचा लिलाव होतो. बांधाच्या बाहेर खारफुटी, ती लाटा अडवते आणि बांध वाचवते. भात, कोळंबी, खारफुटी, तिघांनाही आपापली जागा.

पुढे काही ठिकाणी कोळंबीचा भाव बघून मोह झाला. बांधाला मुद्दाम खांड पाडायची, शेतात बारमाही खारं पाणी ठेवायचं आणि वर्षभर मासळी काढायची. भात गेलं, आणि पडीक शेतात खारफुटी वाढली. उपग्रहाच्या चित्रात तिथे हिरवळ वाढलेली दिसेल! पण ज्या कुळाचं भात गेलं त्याला विचारा. म्हणून म्हणतो, झाडं वाढली एवढ्यावरून काही ठरत नाही. ती कुठे वाढली आणि कोणाच्या बदल्यात, हे विचारायला हवं.

महाराष्ट्रात सरकारने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला. देशात तो पहिलाच. २०१७ पासून कांदळवनाशी जोडलेली उपजीविकेची योजना आहे. तिच्यात भर कोळंबीच्या तळ्यांवर नाही. खारफुटीत झाड न तोडता जाळीच्या कुंपणात खेकडे वाढवणं, खाडीत तराफ्यांना दोर लटकवून शिनाणे आणि कालवं वाढवणं, पिंजऱ्यात जिताडा, आणि निसर्ग पर्यटन. गावपातळीवर सहव्यवस्थापन समित्या आहेत. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटातल्या बायका होडीतून पर्यटकांना कांदळवन दाखवतात, झाडांची नावं सांगतात. त्यात अडचणी नाहीत असं नाही. पण तिवर तोडली तर उद्या होडीत कोण बसणार, हे त्या बायकांना सांगावं लागत नाही.

आणि हे सगळं आपोआप झालेलं नाही. तामिळनाडूत कोळंबी कंपन्यांच्या तळ्यांमुळे विहिरी खाऱ्या झाल्या, शेतं गेली, तेव्हा सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ डिसेंबर १९९६ ला निकाल लागला : किनारा नियमन क्षेत्रात कोळंबीची औद्योगिक तळी नकोत, पारंपरिक पद्धत चालेल. पुढे २००५ मध्ये संसदेने कायदा करून किनारी मत्स्यशेतीसाठी प्राधिकरण आणि नोंदणीची पद्धत आणली. महाराष्ट्रात बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटी तोडायला अंतरिम मनाई केली आणि २०१८ मध्ये अंतिम निकाल दिला. तुमच्या-आमच्यासारखे नागरिक कागद घेऊन उभे राहिले म्हणून हे झालं.

आता आपल्या भिगवणकडे येऊ.

उजनी १९८० मध्ये पूर्ण झालं. गावं पाण्याखाली गेली. ज्यांची जमीन गेली त्यांच्यातल्या काहींनी पुढे होडी घेतली. कटला आणि रोहू अंडी घालतात ती पुराच्या वाहत्या पाण्यात. साठलेल्या पाण्यात त्यांची वीण सहसा होत नाही. म्हणून धरणात बोटुकली सोडावी लागते. चिलापीचं तसं नाही. ती साठलेल्या पाण्यात वर्षभर विते, पिल्लं तोंडात सांभाळते. म्हणून ती माजते. बोटुकली सोडल्याचा कार्यक्रम होतो, फोटो येतो, आकडा येतो : इतके लाख सोडली. बारीक आसाच्या जाळ्याने त्यातली किती बोटभर असतानाच निघाली, किती मोठी होऊन बाजारात आली, हा आकडा येतो का? माझा हिरवा चौकोन आणि हा आकडा एकाच जातीचे आहेत.

काठाला झाडं लावायची कल्पना घ्या. उजनीचा काठ एका जागी नसतो. पावसाळ्यानंतर पाणी पार वर, आणि उन्हाळ्यात कुठल्या कुठे खाली. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेलं होतं, ते आपण पाहिलंय. पाणी हटतं तसा चिखल उघडा पडतो. त्या चिखलावर रोहित येतात, चित्रबलाक येतात. तिथेच कोणी गाळपेर करतो, कोणी जाळं लावतो. कुंभारगाव, डिकसळचे होडीवाले पक्षी दाखवून हंगामात चार पैसे मिळवतात. नकाशावर ही ‘मोकळी जागा’ दिसते. रायगडच्या त्या मावशींचा चिखलही नकाशावर मोकळाच होता. झाडं लावायची तर पूररेषेच्या वर लावा, ओढ्यांच्या काठाने लावा. उघडा चिखल उघडाच राहू द्या. त्याचं काम चालू आहे.

आता कोळंबी. हरियाणात खाऱ्या भूजलावर कोळंबी होते हे केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या रोहतक केंद्राने दाखवून दिलंय. तशा पाण्यात सोडियमच्या मानाने पोटॅशियम कमी असतं, ते वरून घालावं लागतं. तंत्र अवघड आहे पण अशक्य नाही. म्हणून आपल्याकडे होणारच नाही असं मी म्हणणार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. हंगाम संपला की ते खारं, खाद्याने भरलेलं पाणी कुठे सोडणार? ओढ्यात. ओढा जातो उजनीत. उजनीत आधीच मुळा-मुठा आणि भीमेतून पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी येतं. आणि हेच पाणी पुढे सोलापूर पितं. आमच्याकडे घाण येते म्हणून आपण वरच्यांना बोल लावतो. मग आपल्या खाली कोणीतरी आहे, हेही लक्षात ठेवलं पाहिजे.

आणि रान क्षारपड का झालं? उसाला पाणी भरमसाट, निचरा बंद. म्हणजे इथेही पाणी अडलंय. आधी निचऱ्याचे चर, भूमिगत नळ्या यांचा विचार करा. ते करूनही जे रान सुधारत नसेल तिथे कोळंबीचा प्रयोग जरूर व्हावा. लहान, बंदिस्त, पाणी बाहेर न सोडणारा, आणि हिशेब सगळ्यांसमोर असलेला.

माझ्या तीन विनंत्या आहेत आणि मग थांबतो.

पहिली. आपल्या बाजारात रोज कोणती मासळी किती आली याची जातवार नोंद रोज सगळ्यांना दिसेल अशी लावू. साधा फलक चालेल, मोबाइलवर हवी असेल तर प्रोग्रॅम मी फुकट लिहून देतो. पाच वर्षांनी आपल्याला कळेल की सोडलेल्या बोटुकलीचं काय झालं. त्यात ‘सोडली’ आणि ‘बाजारात आली’ असे दोन्ही रकाने असतील, एवढीच माझी अट.

दुसरी. काठावर काहीही करायचं ठरलं, झाडं, कुंपण, पर्यटन काहीही, तर आधी त्या चिखलात पाय घालणाऱ्यांना बोलवा. होडीवाले, जाळंवाले, गाळपेर करणारे. आणि बायकांना बोलवा. मासळी निवडायला, विकायला त्या असतात. बैठकीत मात्र नसतात. आजच्या सभेतही मागे चारच जणी आहेत, हे आपलंच अपयश आहे.

तिसरी. कोणी हिरवा आकडा दाखवून पैसे मागायला आला, तर अब्बांचा प्रश्न विचारा. जगली किती? कुठे लावली? ती जागा आधी कोण वापरत होतं? पाणी कुठे जातं? उत्तरं नसतील तर पैसे खिशात ठेवा. आकडे इंजिनिअर भावाने बनवले असतील तरीही.

माझा मावसभाऊ आज समोर बसलाय. त्याच्या नुकसानीतला निम्मा वाटा मी उचललाय, खालांचे दागिने सुटलेत. तो म्हणतो, विषय संपला. माझ्या मनात तो संपलेला नाही, म्हणून त्याला विचारूनच इथे बोललो. बाजारातल्या नोंदीचं काम सुरू झालं तर पहिला महिनाभर पहाटे वजनकाट्याजवळ उभं राहायला तो तयार आहे. आणखी दोघं-तिघं लागतील. सभेनंतर नावं द्या.